झाडांचे ट्रेट्स मोजायचं फील्डवर्क नागपुरात कुठे आणि कसं शिकायचं?

पिवळा_पळस | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिलाच, सांभाळून घ्या.

मी एमएस्सी वनस्पतिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी आपल्याकडच्या पानगळीच्या जंगलातल्या झाडांचे फंक्शनल ट्रेट्स, म्हणजे झाड कसं जगतं-वाढतं ते सांगणारी मोजता येणारी लक्षणं, घ्यायचं ठरवलंय. पानाचं क्षेत्रफळ भागिले वाळलेलं वजन, म्हणजे एसएलए. पानातल्या कोरड्या भागाचं प्रमाण, लाकडाची घनता, सालीची जाडी, उंची, एवढंच. महागडं काही नाही. सर म्हणाले, "पद्धत पुस्तकात आहे, वाच आणि कर." वाचली. त्यात 'पूर्ण वाढलेलं, उन्हातलं, निरोगी पान घ्यावं' असं लिहिलंय. धावड्याचं उन्हातलं पान चाळीस फुटांवर असतं आणि मी खाली असते, त्याचं पुस्तकात फारसं काही नाही.

हे हाताने शिकवणारा कोर्स आपल्याकडे कुठे असतो का? नसेल तर सुरुवात कुठून करू? कोणती उपकरणं असल्याशिवाय चालणारच नाही? आणि आता पाऊस लागलाय, तर लगेच सुरू करू की थांबू?

---

तर्रीपोहे | सोमवार, रात्री ९:५२

पह्यला!

पानाचा अभ्यास कराले नागपुरात कॉलेज कायले पाह्यजे? कोन्त्याबी पानठेल्यावर जाऊन उभी राह्य. कलकत्ता, बनारस, मीठा... जाडी, लांबी, ओलावा, सगळं भैया हातानं सांगते.

(ह. घ्या. ताई. जाणकार येऊन राहिले मागून.)

---

रानवाटा | सोमवार, रात्री १०:३५

पिवळा_पळस, स्वागत. 'कोणतं पान' हाच या कामातला खरा प्रश्न आहे. तो सुटला की उरतं ते वजनकाटा आणि मोजपट्टीचं काम.

पान पूर्ण उघडलेलं हवं पण म्हातारं नको. शेंड्याची कोवळी, मऊ पानं सोडायची आणि त्यांच्या लगेच मागची घ्यायची. अळीने खाल्लेलं, बुरशीचे डाग पडलेलं, धुळीने माखलेलं नको. सागाच्या बाबतीत तर वेळ फार महत्त्वाची आहे. पावसाळा पुढे सरकला की जाळी पाडणारी अळी येते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत काही ठिकाणी पानाची नुसती चाळण उरते. तेव्हा साग आधी उरकायचा. बाकीच्यांना घाई नाही.

चाळीस फुटांचं म्हणशील तर बांबूची आकडी. चिंचा पाडायला असते तीच, टोकाला धारदार विळा घट्ट बांधलेला. एकात एक सरकणारा दांडा विकतही मिळतो, पण तो पहिल्याच सागाच्या फांदीला वाकतो. ज्या झाडाचा शेंडा आकडीच्या टप्प्यात नाही, ते झाड सोडून द्यायचं आणि जंगलाच्या कडेचं किंवा मुरमाड उतारावरचं ठेंगणं झाड शोधायचं, तिथे खालच्या फांदीलाही पूर्ण ऊन असतं. मात्र एकदा 'कडेची झाडं' ठरलं की सगळ्या प्रजातींची कडेचीच घ्यायची. धावडा कडेचा आणि मोह दाट सावलीतला असं झालं तर प्रजातींमधला फरक मोजतेस की ऊन-सावलीतला, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.

आणि पान सुटं तोडू नकोस. हातभर फांदी काप. ओल्या फडक्यात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाल, तोंड बांधायच्या आधी आत एक लांब श्वास सोड. लोक हसतात, पण श्वासातल्या ओलाव्याने आणि कार्बन डायऑक्साइडने पानातून पाणी उडणं मंदावतं. पिशवी थर्माकोलच्या खोक्यात, खाली बर्फ, मध्ये पुठ्ठा. बर्फ थेट लागला की पान काळं पडतं.

लेबल पेन्सिलनेच. पेनाची शाई ओल्या पिशवीत टिकत नाही.

---

गोंधळी | सोमवार, रात्री १०:४१

वाचनखूण साठवली. मी बँकेत आहे, मला याचा उपयोग शून्य, तरी साठवली.

---

जुना_वनपाल | मंगळवार, सकाळी ६:१५

पोरी, सगळं होईल, पण पह्यले परवानगी. पेंच, उमरेड-कऱ्हांडला, नागझिरा, हे सगळं वन्यजीव कायद्याखाली येते. १९७२ च्या कायद्यात अभयारण्यात संशोधनासाठी मुख्य वन्यजीव रक्षकाची परवानगी लागते असं स्पष्ट लिहून हाय. पान तोडलं काय अन् झाड तोडलं काय, परवानगी नसली त नाक्यावरचा वनरक्षक तुले तेच विचारीन. अर्ज सिव्हिल लाइन्सच्या वनभवनातून जाते. कॉलेजचं पत्र, प्रकल्पाची टिपणी, कोन्ती झाडं, किती पानं, किती दिवस, सोबत कोन राहीन, हे सगळं एका कागदावर. 'पानांचे नमुने' असं मोघम लिहू नको. 'प्रती झाड वीस पानं, खोडाला इजा नाही' असं लिही. वाचणाऱ्याले समजलं पाह्यजे का तू काय नेऊन राहिली.

एमएस्सीच्या वेळात ते सारं बसणं कठीण हाय. म्हणून अभयारण्याच्या बाहेर पाह्य. ती राखीव जंगलं असली तरी वनविभागाचं पत्र लागतेच, पण काम लवकर होते. विद्यापीठाच्या आवारात अन् खासगी शेताच्या बांधावर त मालकाले विचारलं का झालं.

अन् पावसात एकटी जाऊ नको. गवत कमरेएवढं होते. घोणस पायाखाली येईपर्यंत दिसत नाही. गमबूट, हातात काठी, अन् गावातला एक मानूस सोबत. त्याले रोजी द्याची, फुकट नाही न्याचं.

---

मापारी | मंगळवार, सकाळी ११:०५

रानवाटा यांनी जंगलातलं सांगितलं, मी प्रयोगशाळेतलं सांगतो. बिघडतं ते बहुतेक इथेच.

पानांचं काम त्याच दिवशी सुरू करायचं. फांदीचा देठ पाण्यात बुडवून अंधारात ठेवायचा, किमान सहा तास, रात्रभर ठेवलं तर उत्तम. पान पाणी पिऊन ताठ होतं. मग वरचं पाणी टिपून ताजं वजन, लगेच स्कॅन. साधा सपाट स्कॅनर, ३०० डीपीआय, शेजारी मोजपट्टी ठेवून. क्षेत्रफळ इमेजजे या फुकट सॉफ्टवेअरमध्ये निघतं. लीफ एरिया मीटर नसला म्हणून काहीही अडत नाही.

नंतर खाकी पाकिटात घालून ओव्हनमध्ये. ७० अंशांवर ७२ तास किंवा ८० अंशांवर ४८ तास. ओव्हन ठासून भरू नका, मधल्या पाकिटांपर्यंत हवा पोचत नाही.

आता मुद्द्याचं. ओव्हनमधून काढलेलं पान नागपूरच्या ऑगस्टमध्ये उघड्यावर ठेवलं की ते हवेतला ओलावा ओढायला लागतं. काट्यावर ठेवून बघत बसा, शेवटचा आकडा वर वर सरकताना दिसतो. म्हणून ओव्हनमधून थेट डेसिकेटर (आत ओलावा शोषणारे खडे असलेलं झाकणबंद भांडं), आणि तिथून एकेक पाकीट काढून वजन. चहा पिऊन येतो म्हणालात तर मोजमाप गेलं. उन्हाळ्यात वेगळीच तऱ्हा: खोलीत कूलर चालू असतो. मिलिग्रॅमच्या काट्याला कूलरचा वाराही लागतो आणि दमटपणाही. वजन करताना कूलर-पंखा दोन्ही बंद. घाम येऊ द्या.

लाकडाच्या घनतेला काही विकत घ्यावं लागत नाही. काट्यावर पाण्याचा बीकर ठेवून शून्य करा. साल काढलेला ओला काडीचा तुकडा सुईला टोचून पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका. काटा जितके ग्रॅम दाखवील तितके घन सेंटिमीटर तुकड्याचं आकारमान. मग तोच तुकडा १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवायचा आणि कोरडं वजन भागिले ओलं आकारमान. हा प्रयोग पहिल्यांदा बघणारी पोरं दोन मिनिटं काट्याकडेच बघत राहतात.

---

पिवळा_पळस | मंगळवार, दुपारी १:२०

बापरे, एका दिवसात इतकं! सगळ्यांचे आभार. वनपाल काका, पत्राचा मसुदा आजच सरांना दाखवते.

मापारी दादा, सागाचं पान स्कॅनरवर मावतच नाही हो. ए-फोरच्या दुप्पट असतं. आणि खैर-बाभळीच्या पानांचं काय? स्कॅनरचं झाकण लावेपर्यंत पर्णिका, म्हणजे संयुक्त पानातली छोटी पानं, मिटतात किंवा गळतात.

---

मापारी | मंगळवार, दुपारी १:४८

साग कापायचा. मधल्या शिरेपासून दोन भाग, लागलेच तर चार, सगळे स्कॅन करून बेरीज. तुकड्यांवर त्याच पानाचा क्रमांक टाका आणि वजन सगळ्यांचं एकत्र. कोवळं सागाचं पान हाताळलं की बोटं लाल होतात, काचेवर तो रंग लागला तर पुढच्या पानाच्या कडेला धरून येतो. काच प्रत्येक वेळी पुसायची.

खैर-बाभूळ झाडाखालीच जाड पुस्तकात दाबून आणा. तेही नाही जमलं तर तिथेच पांढऱ्या कागदावर काचेखाली ठेवून बरोबर वरून फोटो, मोजपट्टीसकट. तिरका फोटो चालणार नाही.

---

आकडेमोड | मंगळवार, रात्री ८:१०

वनपालांनी अर्जात 'प्रती झाड वीस पानं' लिहायला सांगितलं, परवानगीसाठी ते ठीक. पण प्रकल्पासाठी वीस पानं आणि एक झाड असं करू नका. एका झाडाची वीस पानं मोजली तरी संख्या एकच राहते, झाड एक. परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारणार. दर प्रजातीची किमान पाच झाडं, जमली तर दहा, आणि दर झाडाची दोन-तीन पानं पुरेत. झाडं एकमेकांना चिकटून असलेली नकोत. पळस मुळांवरच्या फुटव्यांनीही वाढतो, शेजारशेजारची तीन 'झाडं' एकच असू शकतात.

दुसरं: प्रजाती कमी घ्या. तीस प्रजातींची घाईने घेतलेली मापं उपयोगाची नाहीत. दहा घ्या, नीट घ्या.

---

रानवाटा | मंगळवार, रात्री ८:३३

पहिल्याला +१. दुसऱ्याशी असहमत. ती समूहाच्या पातळीवर काही म्हणणार असेल, म्हणजे मुरमाड टेकडी आणि काळी माती यांत फरक दाखवणार असेल, तर त्या जागेवर ज्या प्रजातींचं राज्य आहे त्या सगळ्या हव्यात. सोयीच्या दहा निवडल्या तर निकालही सोयीचा निघेल.

---

आकडेमोड | मंगळवार, रात्री ८:४०

तिचा प्रश्न काय आहे ते तिनेच सांगावं की मग. प्रश्न ठरल्याशिवाय आकडी विकत घेऊ नये.

---

संशयात्मा | बुधवार, सकाळी ९:००

मंडळी, राग मानू नका. धावड्याचं लाकूड टणक, म्हणून कुऱ्हाडीचा दांडा आणि गाडीचा आस त्याचा. सावरीचं लाकूड हलकं, म्हणून काडेपेटीला. हे आपल्या गावातल्या सुताराला काटा न घेता ठाऊक आहे. मग ओव्हनमध्ये तीन दिवस भाजून नवं काय कळणार? पीएच्डीसाठी केलेली वजनं आणि नंतर कपाटात फाईल.

---

फ्योर्डकाठचा_वऱ्हाडी | बुधवार, दुपारी ३:२५

संशयात्मा, सुतार बरोबरच सांगतो, पण त्याला त्याच्या गावची पंधरा झाडं माहीत असतात. सावर ०.३ च्या आसपास आणि धावडा ०.८ च्या आसपास असा आकडा टाकला की तोच धावडा कोस्टारिकातल्या झाडाशेजारी ठेवता येतो. २००४ साली 'नेचर'मध्ये आलेल्या एका अभ्यासात १७५ ठिकाणच्या २,५४८ प्रजातींच्या पानांचे आकडे एकत्र मांडले होते. वाळवंट असो की सदाहरित जंगल, सगळी पानं ढोबळमानाने एकाच रेषेवर पडली. एका टोकाला पातळ, नत्र भरपूर असलेलं, झपाट्याने अन्न बनवून लवकर गळणारं पान. दुसऱ्या टोकाला जाड, संथ, वर्षानुवर्षं टिकणारं. कुणी दर पावसाळ्याला रबरी चप्पल घेतो, कुणी एकदाच चामड्याची घेऊन तळ बदलत राहतो, तसा हिशेब. झाडांचा हा हिशेब जगभर सारखा आहे, हे सुताराच्या अनुभवातून दिसलं नसतं, वजनांतूनच दिसलं.

आता धाग्याच्या प्रश्नाबद्दल. कोर्स आहेत. इथल्या, नॉर्वेतल्या बर्गन विद्यापीठाच्या लोकांनी सुरू केलेली प्लांट फंक्शनल ट्रेट्स कोर्सेस नावाची मालिका आहे. चीन, पेरू, स्वालबार, नॉर्वे, दक्षिण आफ्रिका असे झालेत. जगभरातले विद्यार्थी डोंगरावर जातात, गट पडतात, एक गट पानं आणतो, एक स्कॅन करतो, एक आकडे तपासतो, आणि शेवटी विदा (जमवलेले आकडे) सगळ्यांसाठी खुला होतो. त्या मालिकेतून प्रसिद्ध झालेला विदा आणि पद्धतीची टिपणं घरबसल्या वाचता येतात. तिकीट लागत नाही. माझं म्हणणं, तू ती टिपणं वाच, त्यात गटात काम कसं वाटायचं ते आहे. हँडबुकात ते सापडत नाही.

ट्रेट्स मोजायच्या पद्धतींचं २०१३ चं हँडबुक मात्र उशाशी ठेव. देठ धरायचा की नाही, संयुक्त पानाचं काय, सगळं त्यात ठरवून दिलंय.

---

रानवाटा | बुधवार, सायंकाळी ६:५०

फ्योर्डभाऊ, हँडबुक उशाशी ठेवावंच, पण ते लिहिताना कुणी मे महिन्यातल्या रामटेकच्या टेकडीवर उभं नव्हतं. 'वाढीच्या हंगामात' म्हणजे इथे कधी? पळस फेब्रुवारी-मार्चमध्ये नुसता फुलांनी भरलेला असतो, पान नाही. कुसुमाला ऐन मार्चमध्ये लाल कोवळी पालवी फुटते. मोह फुलं गाळून एप्रिलमध्ये नवी पानं काढतो, पारा चव्वेचाळीसवर असताना! साग मात्र जून लागल्याशिवाय डोळा उघडत नाही. एकाच दिवशी सगळ्यांची पानं घेतली तर मोहाचं दोन-तीन महिन्यांचं पान आणि सागाचं तीन आठवड्यांचं पान एका तक्त्यात येतं.

आणि सालई-मोवईसारखी मऊ लाकडाची झाडं खोडात पाणी साठवून बसतात. पानं लवकर गाळतात, पण पावसाआधीच फुलायची ताकद ठेवतात. त्यांचं पान आणि त्यांचं लाकूड वेगवेगळी गोष्ट सांगतं. नुसता एसएलए घेऊन आपलं जंगल समजणार नाही. लाकडाची घनता आणि पान कधी फुटतं-गळतं याची नोंद, हे दोन्ही हवंच.

---

फ्योर्डकाठचा_वऱ्हाडी | बुधवार, सायंकाळी ७:१५

मान्य. फक्त एवढंच म्हणतो की पद्धत बदलायची तर बदल, पण काय बदललं ते लिहून ठेव. जेनाच्या माक्स प्लांक संस्थेत २००७ पासून ट्राय नावाचा वनस्पतींच्या ट्रेट्सचा जागतिक साठा चालतो, तिथे उद्या हे आकडे गेले तर वापरणाऱ्याला कळलं पाहिजे की पान किती वयाचं होतं आणि पाणी पाजून मोजलं की नाही. आपल्याकडच्या कोरड्या जंगलांचे आकडे अशा साठ्यांत तसेही कमी आहेत.

---

काटोलकर_संत्रा | बुधवार, रात्री ९:३०

मी शास्त्रज्ञ नाही, बागाईतदार आहे. पण वाचता वाचता हसू आलं, कारण हे आम्ही वर्षानुवर्षं करून राहिलो. संत्र्याचं पान तपासाले देताना कृषीवाले सांगतात, फळ नसलेल्या फांदीचं घ्या, शेंड्याकडून दुसरं-तिसरं-चौथं पान घ्या, सगळ्या पानांचं वय सारखं पाह्यजे, झाडाच्या चारही बाजूंनी घ्या, छातीच्या उंचीवरून घ्या, फवारणी झाल्याबरोबर घेऊ नका. फळवाल्या फांदीचं पान दिलं त पालाश कमी दिसते अन् मानूस फुकट खत टाकून मोकळा होते.

ताईले माझा सल्ला: कोर्स पाह्यजे असंन त अमरावती रोडवरच्या लिंबूवर्गीय संशोधन संस्थेत किंवा कृषी महाविद्यालयात जाऊन विचार, पानं कशी घेतात ते एक दिवस दाखवा म्हणून. नाही म्हणणार नाहीत. त्यांचं झाड वेगळं, पण पान हातात धराची शिस्त तेच.

---

तर्रीपोहे | बुधवार, रात्री ९:३८

भाऊ, संत्री पाठवा, आम्ही फळाचे ट्रेट्स मोजतो. ओलं वजन, सालीची जाडी, बियांची संख्या. वाळवून नाही मोजणार, तेवढा धीर नाही.

---

काटोलकर_संत्रा | बुधवार, रात्री ९:४४

मृगाचा बहार फेब्रुवारीत ये न्याले. पोतं तू आण.

---

देवरीची_लेक | गुरुवार, सकाळी ७:३०

अवांतर, पण अगदीच नाही. आमच्याकडे गोंदियाच्या बाजूला एप्रिल-मेमध्ये तेंदूपत्ता तोडतात. आई जायची. पहाटे तीनला उठून जंगलात, ऊन चढायच्या आत परत, मग अंगणात बसून पुडे बांधायचे. पान कसं निवडतात ते तिच्याकडून बघितलंय: लालसर कोवळं नाही, चामड्यासारखं झालेलं नाही, मधलं. भोक नको, फोड नको. अंगठा आणि बोटात धरून दुमडून बघतात, कडकन मोडलं तर टाकायचं. उन्हाळ्यात आधी झुडपं छाटतात, म्हणून नवी पानं मोठी आणि लवचीक येतात. छाटलेल्या झुडपाचं पान आणि मोठ्या तेंदूच्या झाडाचं पान एक नसतं, हे आमच्या गावात कुणीही सांगेल.

तेव्हा तेंदू घेणार असशील तर झाडाचं घे. फुटव्याचं घेतलंस तर तसं लिही. आणि तोडाईच्या दिवसांत त्या जंगलात पान तोडत फिरू नकोस, ठेकेदाराच्या माणसाला समजावत दिवस जाईल. वाघाची भीती वेगळीच, दरवर्षी तोडाईच्या दिवसांत बातमी येतेच.

---

रानवाटा | गुरुवार, सकाळी ८:०२

देवरीची_लेक, हा धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद. पिवळा_पळस, तू जो माणूस सोबत घेशील तो तेंदूपत्ता तोडणारा घे. 'पूर्ण वाढलेलं पण म्हातारं नाही' हे त्याला शिकवावं लागणार नाही.

---

संशयात्मा | गुरुवार, सकाळी १०:२०

म्हणजे सुतारानंतर आता तेंदूवाली. मी काल काय म्हणत होतो?

---

आकडेमोड | गुरुवार, सकाळी १०:२६

तुम्ही म्हणत होता काटा नको. आम्ही म्हणतोय तेंदूवालीही हवी आणि काटाही हवा.

---

सूक्ष्मदर्शक | गुरुवार, दुपारी १२:४०

कुणी पर्णरंध्रांचं, म्हणजे पानावरच्या सूक्ष्म छिद्रांचं, बोललंच नाही. फार स्वस्त ट्रेट आहे. पानाच्या खालच्या बाजूला पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर, दहा मिनिटं सुकू द्या, त्यावर सेलोटेप दाबून हलकेच ओढा, काचपट्टीवर चिकटवा, सूक्ष्मदर्शकाखाली मोजा. धावडा, जांभूळ, करंज सुरेख येतात. सागाला मात्र पानाच्या पाठीवर इतकी लव आहे की ठशात केसच केस दिसतात. तिथे वेळ घालवू नका.

---

गोंधळी | गुरुवार, दुपारी १२:५८

बायकोचं नेलपॉलिश वापरून बघितलं. करंज छान आला. बायको बोलत नाहीये.

---

पिवळा_पळस | गुरुवार, रात्री १०:१५

सगळं दोन-दोनदा वाचलं. आकडेमोड दादांच्या टोल्यानंतर सरांशी बोलून प्रश्न ठरवला: मुरमाड, उथळ मातीवरच्या टेकडीवर आणि खालच्या काळ्या मातीच्या सपाटीवर एकाच प्रजातीचं पान आणि लाकूड किती बदलतं? प्रजाती सहा: साग, धावडा, तेंदू, पळस, मोह, सालई. सराव आधी विद्यापीठाच्या आवारात, पत्र आलं की जंगलात. साग जुलै-ऑगस्टमध्ये, बाकी सप्टेंबर-ऑक्टोबर. पालवी कधी फुटते-गळते याची नोंद वर्षभर, महिन्यातून दोनदा, त्याच खूण केलेल्या झाडांची.

दोन शंका. पळसाची तीन पर्णिका मिळून एक पान धरू की एकेक? आणि काळ्या मातीत सालई सापडेल का?

---

मापारी | गुरुवार, रात्री १०:४०

तीन मिळून एक पान, देठासकट. पण पर्णिका आणि देठ वेगवेगळ्या पाकिटांत वाळवा. मग दोन्ही प्रकारे हिशेब करता येतो आणि परीक्षकाने काहीही विचारलं तरी उत्तर तयार.

---

जुना_वनपाल | शुक्रवार, सकाळी ५:५०

सालई काळ्या मातीत नाही मिळणार. ते खडकाळ, निचऱ्याच्या जागीच राह्यते, टेकडीचा माथा, उतार. तुह्या प्रश्नात ते बसत नाही. त्याच्या जागी बोर घे, नाहीतर हिवर, ते दोन्ही जागी दिसते. सालई घ्याचीच असंन त फक्त टेकडीवरची घे अन् वेगळी ठेव.

पत्रात झाडांची नावं मराठीत अन् शास्त्रीय, दोन्ही लिही. अन् सालीची जाडी घेणार असशीन त तेही आधीच लिही, खोडाले टोचणं आलं का वेगळी परवानगी विचारतात.

---

रानवाटा | शुक्रवार, सकाळी ७:१०

बोर नको काका, काळ्या मातीवरचं बोर गुरांनी ओरबाडलेलं असतं, पानं फुटव्याची येतात. हिवर ठीक, पण पर्णिका बारीक, स्कॅनिंगला वेळ लागेल.

पिवळा_पळस, या रविवारी सकाळी विद्यापीठाच्या आवारात ये. आकडी मी आणते, तू पिशव्या, पेन्सिल आणि थर्माकोलचं खोकं आण. आधी करंज आणि साग घेऊ, दोन्ही तिथे हाताशी आहेत. पाऊस असला तरी यायचं, ओलं पान टिपून कसं घ्यायचं ते तेव्हाच दाखवता येतं.

---

पिवळा_पळस | शुक्रवार, सकाळी ७:२२

येते ताई. वर्गातल्या दोन मैत्रिणींना आणू का? त्यातल्या एकीजवळ स्कॅनर आहे.

---

रानवाटा | शुक्रवार, सकाळी ७:२५

आण. एक लिहायला लागतेच, आकडी धरणाऱ्याच्या हातात वही राहत नाही.